ट्रॅक कार घाटावर न्यायची कशी? ओढणारी गाडी, ट्रेलर आणि ब्रेकचं गणित

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरावृत्ती काढली आहे, आकडे पुन्हा तपासून घेतले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात

मी मालवणातून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. कुडाळजवळचा मुलगा आहे. त्याने जुनी पोलो घेतली, आतल्या सीट काढल्या, रोल केज घातला, सस्पेन्शन बदललं. आता ही गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची राहिली नाही, आणि कायद्यानेही ती तशी चालवता येणार नाही. त्याला ती कधी कोल्हापूरजवळच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर न्यायची असते, आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. घरी बोलेरो आहे. मेसेजमध्ये तो लिहितो, "एक फॅब्रिकेटर स्वस्तात ट्रेलर बनवून देतोय, ब्रेकशिवाय. गाडी खेचता मां, मग झाला ना?"

नाही झाला. आणि का नाही झाला, हेच आजच्या भागात बघायचंय.

थोडक्यात उत्तर आधीच देतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. एक: खेचायला लागणारी ताकद आज जवळजवळ कुठल्याही डिझेल गाडीत आहे, प्रश्न थांबण्याचा आहे. दोन: ब्रेक नसलेल्या ट्रेलरवर कार चढवून घाट उतरू नका, कितीही स्वस्त पडला तरी. तीन: वर्षाला दोन-तीनच फेऱ्या असतील तर ट्रेलर घेऊच नका, फ्लॅटबेड ट्रक भाड्याने घ्या.

आता सविस्तर.

[०२:४०] आधी रस्ता बघू

परदेशातले व्हिडिओ बघून ट्रेलर निवडायला गेलात की पहिली गडबड इथे होते. तिथला माणूस सपाट हायवेवरून ताशी ९०च्या वेगाने चारशे किलोमीटर जातो. आपल्याकडे काय आहे? मालवणातून कट्ट्यावरून कसालला या, किंवा चौके-धामापूरच्या वळणांवरून कुडाळला या. मग थोडा एनएच ६६. आणि मग सह्याद्री आडवा. कोल्हापूरला जायचं तर फोंडा घाट किंवा वैभववाडीचा करूळ घाट. बेळगाव, बंगळूर, कोइमतूरकडे जायचं तर सावंतवाडीवरून आंबोली. कोइमतूरची करी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट, दोन्ही इथून हजारेक किलोमीटर. त्यातले सगळ्यात अवघड किलोमीटर पहिल्या शंभरातच येतात. आणि परत येताना तेच शेवटच्या शंभरात येतात, उतरणीचे, आपण थकलेले असताना.

म्हणजे सिंधुदुर्गातल्या माणसाने ट्रेलर निवडताना डोळ्यांसमोर हायवे ठेवायचा नाही. आंबोली घाटाची उतरण ठेवायची: धुकं, ओला रस्ता, समोरून एसटी.

[०५:१०] वजन: तीन आकडे

सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला आधी इनपुट लागतात. इथे तीनच आहेत.

कारचं वजन. आतलं काढून टाकलेली हॅचबॅक रोल केजसकट साधारण हजार किलो धरा. सिंगल सीटर असेल तर बरीच कमी. कॉलेजच्या फॉर्म्युला भारत टीमची गाडी तर अडीचशे किलोच्या आसपास असते, ती टेम्पोत मावते. त्यांनी हा भाग नुसता करमणुकीसाठी ऐकावा.

ट्रेलरचं स्वतःचं वजन. दोन आसांचा, स्टीलचा, उघडा ट्रेलर ५०० ते ७०० किलोंचा होतो. आपण ६०० धरू.

सामान. चार जादा चाकं, जॅक, टूल बॉक्स, कॅन, तंबू. हे सगळे विसरतात. १७० किलो धरू.

बेरीज १,७७० किलो. लोक "हजार किलोची गाडी ओढायचीये" म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात पावणेदोन टनांहून जास्त ओढायचं असतं.

ओढणारी गाडी माणसांसकट २,१८० किलोंची धरली तर पूर्ण जोडी ३,९५० किलोंची. हिशेबाला चार टन.

[०७:३०] खेचणं सोपं आहे

चार टन, आणि २० मीटरमागे एक मीटर चढ. असा चढ ताशी ४० किलोमीटरने चढायला किती ताकद लागते? चढाचा जोर साधारण १,९६० न्यूटन, टायरचा रोध सहाशेच्या आसपास. वेगाने गुणलं की २८ किलोवॉट, म्हणजे ३८ पीएस. चढ आणखी तीव्र घ्या, १२ मीटरमागे एक, आणि वेग ३० वर आणा. तरी ४३-४४ पीएस.

बोलेरोचं इंजिन ७५ पीएसचं आहे, टॉर्क २१० न्यूटन मीटर. म्हणजे कागदावर बोलेरोसुद्धा हे ओझं आंबोली चढवून नेईल. हळू नेईल, पण नेईल.

म्हणूनच "माझी गाडी खेचते" हे वाक्य फसवं आहे. ते खरं असतं, आणि त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

चढावर खरा त्रास इंजिनापेक्षा क्लचला होतो. अरुंद वळणावर समोर एसटी आली, थांबावं लागलं, आता चार टन पुन्हा हलवायचेत. हाफ क्लचवर दोन-तीनदा असं झालं की वास येतो. तुमची गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल, क्रेटा-सेल्टॉससारखी, तर आणखी एक अडचण. ट्रेलर मागून दाबतो, पुढचा भाग हलका होतो, आणि चालवणारी चाकं नेमकी पुढे. ओल्या चढावर ती नुसती फिरतात. म्हणून या कामाला रिअर व्हील किंवा फोर व्हील ड्राइव्ह. आणि शक्यतो लॅडर फ्रेमची गाडी, कारण हुकचा सगळा जोर शेवटी कुठल्या लोखंडावर जाणार, हा प्रश्न तिथे सोपा होतो.

[१०:२०] थांबणं अवघड आहे

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ऐका.

तुमची एकटी गाडी कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वरून जोरात ब्रेक मारल्यावर साधारण २० मीटरात थांबते असं धरा. आता तिच्यामागे १,७७० किलोंचा, ब्रेक नसलेला ट्रेलर लावा. ब्रेक तेवढेच, टायर तेवढेच, थांबवायचं वस्तुमान मात्र जवळजवळ दुप्पट. तेच अंतर ३६ मीटरवर जातं.

"१६ मीटर जास्त" ऐकून काही वाटत नाही, म्हणून दुसऱ्या भाषेत सांगतो. जिथे तुमची एकटी गाडी पूर्ण थांबली असती, त्या जागी ट्रेलरवाली जोडी अजून ताशी ४०च्या वेगाने पुढे जात असते. शाळेतून सुटलेली पोरं रस्ता ओलांडतायत, तिथे तुम्ही शून्यावर असायला हवं होतं. तुम्ही ४० वर आहात. ओल्या रस्त्यावर दोन्ही अंतरं आणखी वाढतात.

हा झाला एकदाच मारलेला ब्रेक. घाटात तो सतत मारला जातो.

आंबोलीची उतरण उंचीत साधारण ६०० मीटरची धरू. चार टन ६०० मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे साडेतेवीस मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायला हवी. ती कुठे जाते? हवेचा आणि टायरचा रोध थोडी खातो, इंजिन ब्रेकिंग थोडी खातं, उरलेली डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता होऊन बसते. साडेतेवीस मेगाज्यूल म्हणजे किती? ३० अंशांचं ८० लिटर पाणी उकळीला आणता येईल एवढी. एकट्या गाडीला हाच आकडा ४५ लिटरच्या आत असतो.

अंघोळीचे मोठे बंब डोळ्यांसमोर आणा आणि विचारा, ही धग चार छोट्या ब्रेकवर टाकायची का, की आठ चाकांवर वाटायची?

ब्रेक तापले की पॅडची पकड सुटत जाते. आणखी तापले की ब्रेक फ्लुइड उकळतं, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट खाली जातं. हे हळूहळू होतं आणि शेवटी एकदम कळतं. म्हणून हा निर्णय घाटात घ्यायचा नसतो. तो ट्रेलर घेताना घ्यायचा असतो.

युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्यावर सक्तीचे. आपल्या ओझ्याचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

[१४:१५] ट्रेलरचे ब्रेक: दोन प्रकार

पहिला, ओव्हररन ब्रेक. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो, जोडणीतला दांडा आत सरकतो, आणि ती हालचाल केबलने ट्रेलरच्या ब्रेकला लागते. वायरिंग नाही, कॅबमध्ये बटण नाही. साधं आणि टिकाऊ. पण लांब उतरणीवर एक गोष्ट लक्षात ठेवा: तुम्ही इंजिन ब्रेकिंगने गाडी रोखून धरलीत तरी ट्रेलर ढकलतोच, म्हणजे त्याचे ब्रेक लागलेलेच राहतात आणि तापत जातात. म्हणून मध्ये सुरक्षित जागा बघून थांबायचं. चाकाजवळ हात न्यायचा, लावायचा नाही. धग लांबूनच कळते.

दुसरा, इलेक्ट्रिक ब्रेक. ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो आणि ड्रायव्हरजवळ कंट्रोलर. किती जोराने लागावेत हे तुम्ही ठरवता. शिवाय ट्रेलर झुलायला लागला तर नुसते ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून तो सरळ करता येतो. महाग, पण घाटासाठी हा जास्त समजूतदार प्रकार. मालवणच्या हवेत मात्र कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो, तो दर फेरीआधी बघायचा.

दोन्हींमध्ये ब्रेकअवे केबल हवीच: जोडणी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी. आणि सेफ्टी चेन दोन, हुकखाली एकमेकींना छेदून.

[१६:५०] हुकवर किती भार? आजोबांना विचारा

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळते. जू वर उचललं जातं, बैलाच्या मानेवरचा ताबा सुटतो. पुढे जास्त भरलं तर बैलाची मान दबते. माल आसाच्या किंचित पुढे ठेवायचा, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ट्रेलरचं शास्त्र तेच आहे, फक्त बैलाच्या जागी हुकचा बॉल आला.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार बॉलवर यायला हवा. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात त्याहून कमी. आपल्या १,७७० किलोंना १८० धरू. भार फार कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. फार जास्त झाला की गाडीची मागची बाजू बसते, पुढची उचलली जाते, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट झाडांवर जातात.

बॉल मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखा काम करतो. व्हीलबेस २.७५ मीटर आणि बॉल आसामागे १.१ मीटर असेल तर १८० किलोंचे मागच्या आसावर २५२ किलो होतात, आणि पुढच्या आसावरून ७२ किलो उचलले जातात. म्हणून ट्रेलर जोडल्यावर डिकी भरायची नाही. जड सामान ट्रेलरवर, त्याच्या आसाजवळ.

भार कमी-जास्त करायचा कसा? कार पुढे-मागे सरकवून. हजार किलोंची कार ट्रेलरवर १० सेंटीमीटर पुढे घेतली, आणि बॉलपासून ट्रेलरच्या आसांच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटर असतील, तर बॉलवरचा भार २८-२९ किलोंनी वाढतो. योग्य जागा एकदा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगाने रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी अंदाज नको.

[२०:०५] हे मोजायचं कुठे?

रेकॉर्डिंग करणारा मित्र आत्ता खुणा करून विचारतोय, "एवढं मोजणार कुठे?" अरे, आपल्या जिल्ह्यात चिरे, खडी, वाळू यांचे ट्रक वजन करतात कुठे? हायवेच्या वजनकाट्यावर. तिथे तीन वजनं घ्यायची.

पहिलं: ओढणारी गाडी एकटी, माणसं बसलेली. समजा २,१८०.
दुसरं: ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त गाडीची चाकं, ट्रेलरची बाहेर. समजा २,३६०.
तिसरं: सगळी जोडी काट्यावर. समजा ३,९५०.

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बॉलवरचा भार: १८०. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन: १,७७०. टक्केवारी १०.२. झालं. तीन पावत्यांचा खर्च, आणि पुढची कित्येक वर्षं वाद नाही. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात, आपल्या कामाला तेवढं चालतं.

[२२:००] ओढणारी गाडी कोणती?

ब्रिटनमध्ये कॅरव्हान ओढणाऱ्या नवख्यांना एक सल्ला देतात: ट्रेलरचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. आपल्या १,७७० ला तो लावला तर गाडी २,०८० किलोंच्या आसपासची हवी. शेपटीने कुत्र्याला हलवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

या चाळणीतून काय उरतं ते बघू.

बोलेरो: फ्रेम चांगली, रिअर व्हील ड्राइव्ह, पण वजनात कमी पडते. बाईक, जेट स्की, छोटी फायबर होडी यांच्यासाठी छान. कारसाठी नाही.

तीन दरवाज्यांची थार: ताकद भरपूर, पण व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. लांब ट्रेलर आणि आखूड गाडी ही जोडी झुलायला लवकर लागते. थार रॉक्सचा व्हीलबेस २,८५०, तो बरा.

स्कॉर्पिओ-एन डिझेल: व्हीलबेस २,७५०, वजन दोन टनांच्या जवळ. ऑस्ट्रेलियात ही गाडी ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी २,५०० किलो क्षमतेने विकली जाते.

इसुझु व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स: व्हीलबेस तीन मीटरच्या वर. हायलक्सचं इंजिन २.८ लिटर, २०४ पीएस. या कामासाठी मुळातच बनवलेला प्रकार. सामानही मागच्या हौद्यात राहतं; फक्त ते मागच्या आसाच्या पुढे ठेवा.

इथे एक मोठी सूचना. परदेशातली क्षमता आपल्या गाडीला आपोआप लागू होत नाही. हुक वेगळा, मागच्या स्प्रिंगा वेगळ्या, कूलिंग वेगळं, कधी इंजिनच वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रोशरमध्ये टोइंगचा आकडा छापलेलाच नसतो. म्हणून कंपनीकडून लेखी उत्तर मागा: या मॉडेलला, या हुकसह, ब्रेकवाला ट्रेलर किती किलोंचा? शोरूममधलं तोंडी "चालतंय की" नको. वॉरंटीचा आणि विम्याचा प्रश्न आला तर ते तोंडी वाक्य तुमच्या बाजूने उभं राहणार नाही.

[२६:१०] ट्रेलर कोणता?

दोन आसांचा घ्या. एका आसाचा स्वस्त आणि वळायला हलका, पण घाटात एक टायर फुटला की सगळं संपतं. दोन आसांवर एक टायर गेला तरी बाजूला घ्यायला वेळ मिळतो.

उघडा घ्या. बंद ट्रेलर दिसायला रुबाबदार, पण वजन खूप वाढतं, आणि खारेपाटणपासून बांद्यापर्यंत मोकळ्या हायवेवर कंटेनर शेजारून गेला की त्याच्या सपाट भिंतीवर वारा आदळतो.

टो डॉली, म्हणजे पुढची दोन चाकं वर आणि मागची रस्त्यावर, हा प्रकार आपल्यासाठी सोडून द्या. ट्रॅक कारचे मऊ टायर घासतात आणि मागे घेणं जवळजवळ अशक्य. घाटात कधीतरी मागे घ्यावंच लागतं.

तारकर्ली-देवबागला बोटी आणि जेट स्कीचे ट्रेलर दिसतात. सीझन संपला की ते विकायलाही निघतात. मोह आवरा. त्यांचा सांगाडा बोटीच्या तळाच्या आकाराचा असतो, सपाट फळी नसते. आणि ते खाऱ्या पाण्यात बुडालेले असतात. गरम झालेलं बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. बाहेरून रंग नवा असतो, आत ग्रीसची लापशी झालेली असते.

नवीन घेताना हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग मागा. वरून मारलेला चंदेरी रंग आपल्या किनाऱ्यावर पहिल्या दोन पावसाळ्यांत सांगतो की तो रंग होता. पोकळ चौकोनी पाइप असतील तर पाणी निघायला भोकं आहेत का बघा. ते आतून सडतात आणि कळत नाही.

कार बांधायला चारही चाकांना पट्टे, रॅचेटवाले. बॉडीला किंवा सस्पेन्शनला बांधलं की गाडी स्प्रिंगवर नाचते आणि पट्टा सैल होतो. चाकाला बांधलं की नाचली तरी पट्टा ताठ राहतो. नायलॉनचा दोर नको, तो ताणतो. निघाल्यावर पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे. हे न चुकता.

[३०:२०] कायदा: बनवून घेतलेला ट्रेलर का अडतो

आपल्याकडे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार त्याची नोंदणी लागते. ट्रेलरला स्वतःचा नंबर बाजूला लावायचा, आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही लावायचा. नोंदणीसाठी फॅब्रिकेटरची पावती पुरत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता असलेलं मॉडेल लागतं. म्हणून कुडाळला किंवा कोल्हापूरला कितीही चांगलं वेल्डिंग होत असलं, तरी आधी विचारायचा प्रश्न हा: "मान्यतेचा कागद आहे का?" नसेल तर ते रस्त्यावरचं वाहन नाही, अंगणातलं लोखंड आहे.

कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. हुक वेल्ड करून घेण्याआधी कंपनीचा स्वतःचा हुक मिळतो का बघा, आणि ओरोसच्या आरटीओत, म्हणजे आपल्या एमएच-०७ च्या ऑफिसात, लेखी विचारा.

लायसन्सचं: एलएमव्हीची कायद्यातली मर्यादा ७,५०० किलो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर त्या मर्यादेतलं ट्रान्सपोर्ट वाहनही चालवता येतं. आपली जोडी चार टनांची, वजनात आत बसते. तरी ट्रेलर कुठल्या वर्गात नोंदला जाणार, हेही त्याच अर्जात विचारून घ्या. आणि विमा कंपनीला ट्रेलर कळवून पॉलिसीत त्याचा उल्लेख करून घ्या. अपघातात समोरच्या माणसाला भरपाई मिळणार की नाही, हे त्या एका ओळीवर ठरू शकतं.

[३३:४५] मग ट्रक का नाही?

खरं सांगायचं तर भारतातल्या बहुतेक रेस गाड्या ट्रकवरूनच जातात, आणि त्याला कारण आहे. फ्लॅटबेडवर सगळं ओझं एकाच चॅसिसवर असतं. झुलणं नाही, बॉलचा भार नाही, ब्रेक त्या वजनासाठीच बनवलेले, आणि घाट रोज उतरणारा ड्रायव्हर.

हिशेब असा करा. ट्रेलर, हुक, नोंदणी, विमा, टायर, बेअरिंग यांचा पाच वर्षांचा खर्च काढा आणि फेऱ्यांच्या संख्येने भागा. समजा हा सगळा खर्च पाच लाख झाला. वर्षाला तीन फेऱ्या म्हणजे पाच वर्षांत पंधरा, फेरीला तेहतीस हजार. त्यात डिझेल आणि तुमची झोप धरलेली नाही. वर्षाला बारा फेऱ्या असतील तर तोच आकडा साडेआठ हजारांच्या आत येतो. मध्ये कुठेतरी तुमची रेषा आहे. ट्रकवाल्याकडून जाण्या-येण्याचा दर घ्या, रिकाम्या परतीसकट, आणि शेजारी मांडा. ओढायला नवी एसयूव्ही घ्यावी लागणार असेल तर तिचाही वाटा त्यात धरा. तो धरायला मन तयार होत नाही, हे मला माहितीये.

रेल्वेचं बऱ्याच जणांनी विचारलं. कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक रो-रोने नेते, आणि २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते वेर्णा अशी कारसाठी सेवा सुरू केली, नांदगाव रोडचा थांबाही दिला. पण ती रुळांच्या दिशेने, उत्तर-दक्षिण. आपला अडथळा पूर्वेला आहे.

[३६:३०] उतरताना

ज्यांचं ट्रेलरवर ठरलंय त्यांच्यासाठी शेवटच्या चार गोष्टी.

घाट सुरू होण्याआधी गिअर खाली. ज्या गिअरमध्ये तो चढला असता, त्यातच उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून सरकत राहायचं नाही. एकदा ठाम मारून वेग उतरवायचा आणि सोडायचा, डिस्कला श्वास घेऊ द्यायचा.

ट्रेलर झुलू लागला तर ॲक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. पायाने जोरात ब्रेक नाही, उलटसुलट स्टिअरिंग नाही. "वेग वाढवला की सरळ होतो" हा सल्ला कुणी दिला तर त्याच्या गाडीत बसू नका.

वळणावर ट्रेलर गाडीपेक्षा आतून कापतो. डोंगराच्या बाजूला गटार असतं. समोरचं दिसत असेल तरच रुंद घ्या, हॉर्न देऊन.

आणि पावसाळ्यात नकोच. आंबोली महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, त्यात शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी. करूळ घाट गेल्या काही वर्षांत रुंदीकरणाने आणि दरडींनी बंद-चालू होत राहिलाय. निघायच्या आदल्या दिवशी कोणता घाट सुरू आहे ते बघा.

[३९:१०] तर कुडाळच्या मित्रा...

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. बोलेरो आणि ब्रेक नसलेला ट्रेलर: नाही. ते पैसे देऊ नकोस. कोल्हापूरच्या दोन फेऱ्या आणि कोइमतूरची एक, एवढंच असेल तर फ्लॅटबेड ठरव, शक्य असेल तर तुझ्यासारखाच दुसरा कोणी शोधून दोन गाड्यांचा ट्रक वाटून घ्या. वाचलेल्या पैशांत टायरचे दोन सेट येतील. ट्रॅकवर वेळ त्यानेच कमी होतो, ट्रेलरने नाही. उद्या फेऱ्या वाढल्या, घरी जड गाडी आली, तर दोन आसांचा, इलेक्ट्रिक ब्रेकचा, मान्यतेच्या कागदाचा ट्रेलर घे आणि पहिल्या दिवशी वजनकाट्यावर जा.

आणि कुणी म्हणालं "खेचता मां?", तर त्याला विचार, "थांबता मां?"

पुढच्या भागात किनाऱ्यावरच्या गाड्यांचा गंज: कुठून सुरू होतो आणि कुठला कोट खरंच टिकतो. प्रश्न पाठवत राहा. भेटूया.